भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांची वाक्यं ठरलेली असतात. "देवावर भरवसा ठेवा." "त्याची काहीतरी योजना असेल." "सहन होईल तेवढंच दुःख तो देतो." माझे वडील आत होते त्या दिवसांत ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली, की शेवटी शेवटी समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ती ऐकू यायला लागली. बोलणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण भरवसा ठेवायचा म्हणजे आत्ता, या बाकावर बसून, नेमकं करायचं काय? रडायचं नाही? घाबरायचं नाही? डॉक्टरांना खोदून विचारायचं नाही? बाबा बरे होणारच, असं मनाशी घोकत राहायचं?

एके दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं, चष्मा पुसला, सहा वचनं वाचली, अर्धा तास शेजारी बसल्या आणि गेल्या. वाचलं ते बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र होतं. त्याची सुरुवात, माझ्या शब्दांत सांगायची तर, अशी आहे: देवा, किती दिवस मला विसरून राहणार आहेस? कायमचाच?

मी चमकलो. मला तोवर वाटत होतं की असलं काही मनात येणं म्हणजेच विश्वास डळमळल्याची खूण. आणि इथे तर ते चक्क शास्त्रात, प्रार्थना म्हणून छापलेलं होतं. हा लेख त्या चमकण्यातूनच आलाय.

आधी शब्दाकडे बघू. मराठीत भरवसा या शब्दाला एक टोचणी आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आपण सहज म्हणून जातो. ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली, त्यानंच ऐन वेळी दगा दिला. संकटात प्रार्थना करून उलटंच घडलेल्या माणसाला नेमकं हेच वाटत असतं, फक्त देवाच्या बाबतीत ते उघड बोलायची चोरी. पण याच शब्दात एक चांगली गोष्टही दडलेली आहे. "त्याच्यावर माझा विश्वास आहे," हे आपण चहा पिता पिता म्हणू शकतो. "शेजाऱ्यांच्या भरवशावर घर टाकून आलोय," हे मात्र घर टाकून आल्यावरच म्हणता येतं. एखादी गोष्ट खरी मानणं वेगळं आणि तिच्यावर भार टाकणं वेगळं. देव आहे, हे मानायला संकट लागत नाही. भार टाकायची वेळ संकटात येते.

जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, हिब्रू भाषेत लिहिला गेला. त्यात या अर्थाचे दोन शब्द सारखे भेटतात. एक बाताख, म्हणजे एखाद्यावर विसंबून निर्धास्त असणं. दुसरा एमुना. आपण प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणतो ना, त्याच धातूतला हा शब्द. पक्कं, टिकणारं, न हलणारं, असा त्याचा भाव. नीतिमान माणूस विश्वासानं जगेल, हे हबक्कूक संदेष्ट्याचं वाक्य पुढे ख्रिस्ती प्रेषित पौलानं रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात उचललं, आणि पुढे त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. हबक्कूकाच्या त्या वाक्यातला मूळ शब्द एमुना हाच.

हाच शब्द जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एका अगदी वेगळ्या जागी येतो. अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालू आहे. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की पीछेहाट. म्हातारा माणूस तो, हात भरून आले. मग लोकांनी एक धोंडा आणून त्याला त्यावर बसवलं, त्याचे सोबती अहरोन आणि हूर दोन बाजूंना उभे राहिले आणि त्यांनी त्याचे हात धरून ठेवले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले, असं वाक्य आहे. तिथे 'स्थिर'साठी जो हिब्रू शब्द आहे, तो एमुना. हात मोशेचे होते, पण एमुना तिघांची. विश्वास ही एकट्यानं दात-ओठ खाऊन करायची गोष्ट आहे, अशी समजूत असणाऱ्यांनी या टेकडीवर थोडं थांबावं.

तक्रार आणि कुरकुर

आता पुन्हा तेराव्या स्तोत्राकडे. पहिल्या दोनच वचनांत 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, कुठवर मी मनात झुरत राहू, कुठवर शत्रू माझ्या डोक्यावर बसणार. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत जरा उजेड येऊ दे, नाहीतर मी मरेन. आणि पाचव्या वचनात एकदम: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे.

चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधे काय घडलं? मजकुरात तरी काहीच नाही. शत्रू गेला, ताप उतरला, निरोप आला, असं काही नाही. ज्या तोंडानं 'विसरलास का?' विचारलं, त्याच तोंडानं 'तुझ्यावरच विसंबून आहे' म्हटलं. पहिलं म्हटलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. उलट मला वाटतं, पहिलं म्हणता आलं म्हणूनच दुसऱ्यात जीव आहे. ज्याच्याकडून कसलीच अपेक्षा उरलेली नाही, त्याच्याशी कोण भांडतं?

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश अशा गाऱ्हाण्यांची आहेत. यांना विलापस्तोत्रं म्हणतात. हाक, गाऱ्हाणं, मागणी, आणि मग भरवशाचा किंवा स्तुतीचा एखादा शब्द, असा बहुतेकांचा घाट. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी स्तोत्रांवरच्या आपल्या भाष्याच्या प्रस्तावनेत या पुस्तकाला आत्म्याच्या सगळ्या अवयवांची शरीररचना म्हटलंय, आणि दुःख, भीती, शंका यांची नावं त्यांनी त्यात मुद्दाम घेतली आहेत.

मग वाळवंटात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांवर देव का रागावला, असा प्रश्न इथे कोणी विचारेल, आणि तो रास्त आहे. अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे त्या कुरकुरीचं वर्णन करतो. लोक आपापल्या तंबूत बसून म्हणत होते, की परमेश्वर आपला द्वेष करतो, मारून टाकायलाच त्यानं आपल्याला इजिप्तमधून बाहेर आणलं. तंबूत. आपापसांत. देवाविषयी बोलणं चालू होतं, देवाशी नव्हे. स्तोत्रकर्ता याहून कडक शब्द वापरतो, पण थेट देवाला. घरातही हा फरक आपल्याला ठाऊक असतो. बापाशी तोंडावर भांडणारा मुलगा आणि बापाविषयी गावभर बोलणारा मुलगा, यांतलं कोणतं नातं अजून जिवंत आहे, हे सांगावं लागत नाही.

सगळी गाऱ्हाणी गोड वळण घेतात असंही नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून बघा. रात्रंदिवस तुझ्यापुढे ओरडतोय, तू माझे मित्र माझ्यापासून तोडलेस, तोंड का लपवतोस, अशी सगळी अठरा वचनं, आणि हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' असा आहे. 'तरीपण' वगैरे काही नाही. स्तोत्रं संकलित करणाऱ्यांना शेवटी आशेची एखादी ओळ चिकटवणं काही अवघड नव्हतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि ते स्तोत्र काढूनही टाकलं नाही. अंधारात संपलेली प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच, हे त्यांनी पुस्तकात जागा देऊन सांगितलं.

दुःखाला वर्णमालेत बसवणं

विलापगीत हे पुस्तक याच जातीचं, आणि त्याची बांधणी मला फार विलक्षण वाटते. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, माणसं पकडून नेली. त्या उद्ध्वस्त शहराचा हा आक्रोश आहे. पण तो ओबडधोबड नाही. हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बरोबर 22 वचनं आहेत आणि प्रत्येक वचन पुढच्या पुढच्या अक्षरानं सुरू होतं. तिसऱ्या अध्यायात 66, म्हणजे प्रत्येक अक्षराला तीन. आपल्याकडे 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळी बांधाव्यात तसं.

भुकेनं मेलेल्या लेकरांविषयी लिहिताना कोणी अक्षरं मोजत बसेल का? मला वाटतं, तेव्हाच मोजेल. दुःखाला काठ नसतो. अक्षरांनी त्याला एक काठ दिला. सगळं सांगायचं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, काही गाळायचं नाही, आणि शेवटचं अक्षर आलं की थांबायचं. पाचव्या अध्यायातही 22 वचनं आहेत, पण अक्षरांचा क्रम मात्र सुटलेला. जणू कवीची तेवढीही ताकद उरली नाही. (हा माझा तर्क, अभ्यासक यावर निरनिराळं बोलतात.)

देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे भेटकार्डांवर छापलं जाणारं वचन या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे. अगदी मधलं. ते येऊन गेल्यावर रडणं संपत नाही, आणखी अडीच अध्याय चालू राहतं, आणि पुस्तक संपतं ते 'की तू आम्हांला अगदीच टाकून दिलंस?' अशा अर्थाच्या शंकेवर. कार्डावर एवढी जागा नसते.

'का?' या प्रश्नाचं काय

देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग हे का? माणसाला दिलेली मोकळीक, पापानं विस्कटलेली सृष्टी, दुःखातून घडणारं चारित्र्य, अशी उत्तरं ख्रिस्ती विचारवंतांनी शतकानुशतकं दिली आहेत. त्यांना धक्केही बसले. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमधली चर्चं भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला आणि सबंध युरोपात या प्रश्नावर वाद पेटला. ही चर्चा वर्गात जरूर व्हावी. बाकावर बसलेल्याला तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून इथे मी ती लांबवत नाही.

पवित्र शास्त्र स्वतः 'का'चं उत्तर देण्यापेक्षा चुकीची उत्तरं नाकारण्यात जास्त रस घेतं. काही दोष नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. मग बोलायला लागले. त्यांचं म्हणणं एकच, फिरवून फिरवून सांगितलेलं: तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब संतापतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी देव काय म्हणतो? त्या मित्रांना म्हणतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले, देवाशी भांडणारा बरोबर! ईयोबाला आपल्या दुःखाचं कारण मात्र शेवटपर्यंत कळत नाही. वाचकाला पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गातला संवाद ऐकवलेला असतो, ईयोबाला कधीच नाही. त्याला देव भेटतो. कारण भेटत नाही.

येशूनंही हेच केलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणाला, दोघांचंही नाही. यरुशलेमेत बुरूज कोसळून 18 माणसं दगावली होती. ती काही इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती, असं त्यानं बजावलं. कुणाच्या आजारपणात 'काही पाप लपवलंय का बघा' म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांना ही दोन ठिकाणं दाखवावीत, सौम्यपणे जमलं तर सौम्यपणे.

तीन वचनं, जी अर्धीच सांगितली जातात

'सहन होईल तेवढंच देव देतो' हे वाक्य मुळात शास्त्रात असं नाहीच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो, की तुमच्या शक्तीपलीकडे देव तुमची परीक्षा होऊ देणार नाही, बाहेर पडायची वाट ठेवील. आजूबाजूचा सगळा विषय मोहाला बळी पडण्याचा आहे, दुःखाच्या वजनाचा नाही. आणि याच पौलानं, याच करिंथच्या मंडळीला, दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात काय लिहिलं? आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीसुद्धा आशा उरली नव्हती. पुढे तो म्हणतो, यातून आम्ही शिकलो ते हे, की स्वतःवर नाही, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवायची. म्हणजे सहन न होण्याइतकं वाट्याला येऊ शकतं. ज्याला सहन होत नाही तो कमी विश्वासाचा, असं नाही.

दुसरं वचन यिर्मया संदेष्ट्याचं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. परीक्षेच्या, लग्नाच्या, नव्या नोकरीच्या शुभेच्छांत हे हमखास असतं. मूळ वाक्य एका पत्रातलं आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला नेलेल्या कैद्यांना यिर्मयानं यरुशलेमेहून ते पाठवलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता, की दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू त्यानं भर लोकांत काढून मोडलंही. ऐकायला कोणाचं बरं वाटलं असेल? यिर्मयानं मात्र लिहिलं, सत्तर वर्षं. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या मोठ्यांपैकी बहुतेकांची हाडं बाबेलातच राहणार होती. हिताचे संकल्प खरेच होते, पण त्यांना दोन वर्षांची मुदत नव्हती. संकटात लवकर सुटकेची तारीख देणाऱ्यापासून सावध राहावं, हे मी इथून शिकलो.

तिसरं रोमकरांस पत्रातलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. सगळ्या गोष्टी चांगल्या आहेत, असं ते म्हणत नाही. त्याच अध्यायात सृष्टी कण्हते, आपण कण्हतो आणि आपल्यासाठी आत्माही कण्हतो. पुढे छळ, दुष्काळ, नग्नता, तलवार यांची यादी आहे. तलवार येणार नाही, असं पौल कुठेच म्हणत नाही. ती ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकणार नाही, एवढं म्हणतो.

गेथशेमाने

इथवरचं बरंचसं यहुदी माणसालाही मान्य होईल. ख्रिस्ती भरवसा जिथे वेगळा होतो, ती जागा म्हणजे येशूला पकडलं गेलं ती गुरुवारची रात्र आणि त्याला वधस्तंभावर दिलं तो शुक्रवार.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाचा लेखक मार्क हे प्रसंग काहीही न सजवता सांगतो. येशू तिघा शिष्यांना घेऊन गेथशेमाने बागेत जातो आणि अस्वस्थ, व्याकूळ होतो. माझा जीव मरणाएवढा दुःखी झालाय, असं तो मित्रांना सांगतो. तुम्ही इथे जागे राहा, म्हणतो. म्हणजे त्यालाही सोबत हवी होती. मग जमिनीवर पडून प्रार्थना करतो: अब्बा, बापा, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला (म्हणजे येऊ घातलेलं दुःख आणि मरण) माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे. परत येऊन बघतो तर मित्र झोपलेले. असं तीनदा.

आपण बहुतेक वेळा 'तुझ्या इच्छेप्रमाणे' एवढंच उचलतो आणि त्याला भरवसा म्हणतो. पण त्याआधीचं वाक्य तितक्याच स्पष्टपणे मागितलेलं आहे: दूर कर. मागणं आणि सोपवणं, दोन्ही एकाच श्वासात. नुसतं सोपवणं कधीकधी निराशेचंच सभ्य नाव असतं. मागायची हिंमत उरलेली नसते. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या वेळी येशू जे म्हणतो, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो', ते मूळ ग्रीकमध्ये शब्दशः तेच आहे, जे त्यानं शिष्यांना प्रभूच्या प्रार्थनेत शिकवलं होतं. शिकवलेली ओळ त्याला स्वतःला घामाघूम होऊन म्हणावी लागली.

प्याला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो आपल्या बोलीत ओरडला, 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी?' माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, म्हणजे पुन्हा एक विलापस्तोत्र. मरणाच्या क्षणी देवाच्या पुत्राला स्वतःचे शब्द सुचले नाहीत, पाठ असलेले आठवले, असं म्हणावंसं वाटतं. 'का' विचारतानाही तो 'माझ्या देवा' म्हणतो, तेही दोनदा.

ख्रिस्ती माणूस संकटात ज्याच्यावर विसंबतो तो असा देव आहे. तो दुःखाकडे वरून बघत नाही. आत उतरून त्यानं ते भोगलंय. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली, हा या विश्वासाचा कणा. पण त्या दोन दिवसांच्या मधे एक शनिवार होता, आणि शुभवर्तमानं त्याविषयी जवळजवळ काही बोलत नाहीत. लूक एवढंच सांगतो, की स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. आपल्यातल्या बहुतेकांची संकटं त्या शनिवारसारखी असतात. काही घडत नाही, काही कळत नाही, आणि तरी दिवस काढायचा असतो.

सुटका झाली नाही तर?

शद्रख, मेशख आणि अबेद्नगो या बाबेलात नेलेल्या तिघा यहुदी तरुणांना तिथला राजा नबुखद्नेस्सर भट्टीची धमकी देतो. त्यांचं उत्तर दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात आहे: आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. गोष्टीत ते वाचतात, म्हणून आपण ती मुलांना आवडीनं सांगतो. पण 'नाही सोडवलं, तरी' हे शब्द ते भट्टीत जायच्या आधी बोलले, शेवट माहीत नसताना.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची यादी देतो. तिथे काही जण विश्वासानं तलवारीच्या धारेतून वाचले, असं लिहिलंय. तीनच वचनं पुढे, काही जण तलवारीनं मारले गेले. विश्वास दोघांचाही तोच. वाचलेल्यांचा जास्त आणि मेलेल्यांचा कमी, असा हिशेब तिथे कोणी मांडलेला नाही.

आणि भरवसा म्हणजे हातपाय गाळून बसणंही नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन येशूला कोणी ऐकवलं? सैतानानं. येशूनं नकार दिला: देवाची परीक्षा पाहू नको. औषध बंद करून 'आता देवच बघेल' म्हणणं हे मला त्या उडीसारखं वाटतं. यहुदी पुढारी नहेम्यानं यरुशलेमेचा तट बांधताना प्रार्थनाही केली आणि पहारेकरीही बसवले. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मनानं खचलेल्या प्रत्येकाला सांगावी. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाल्यावर तो जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येतो. उपदेश नाही, वचन नाही, 'तुझा विश्वास कुठे गेला' नाही. हात लावून उठवतो: ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो: खा, पुढचा प्रवास तुला झेपणार नाही. देवाशी बोलणं पुढे, चाळीस दिवसांनी. आधी झोप आणि जेवण.

मनात काहीच वाटत नसलं तर? मदर तेरेसा यांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून अंधार आणि देवाचं नसणं जाणवत होतं. काहींनी त्याला ढोंग म्हटलं. मला मात्र ते मोशेच्या हातांसारखं वाटतं. भरून आलेले, तरी वर. 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक,' असं एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला होता. येशूनं त्याला आधी अविश्वास संपवून यायला सांगितलं नाही, मुलाला बरं केलं.

माझे वडील बरे झाले नाहीत. दफनाच्या वेळी प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी माझा आवाज गेला. मागे उभ्या असलेल्यांनी ती ओळ म्हटली. त्यांत त्या बाईंचा आवाज मला वेगळा ओळखू आला. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' आलं, तेव्हा मी पुन्हा त्यांच्यात मिसळलो.